तारांवरची नजर

गव्हाणसारख्या खाडीकाठच्या गावी खारा वारा विजेच्या मनोऱ्यांवरील चिनी मातीच्या बशांवर मिठाचा थर चढवितो. पहाटेचे दव पडले की त्या ओल्या थरावरून ठिणगी उडते आणि वीज जाते. तडकलेली बशी किंवा तापलेला सांधा खालून दिसत नाही. ड्रोनचा कॅमेरा तो जवळून टिपतो. माणसाचे मनोऱ्यावर चढणेही कमी होते. तेव्हा ड्रोन दिसल्यास मुलांना दगड मारू देऊ नका.

मात्र शेतातली लोंबती तार ड्रोनआधी तुम्हालाच दिसते. लगेच महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवा. तारांखाली भाताची उडवी रचू नका. तुटलेल्या तारेत वीज नाही असे समजून कधीही जवळ जाऊ नका. गुरेही तिकडे सोडू नका.