बंब आला कधी, हे विचारून झाल्यावर

२०२२ च्या भाऊबिजेला, २६ ऑक्टोबरला, दुपारी चारच्या सुमारास तारापूर एमआयडीसीतल्या भगेरिया इंडस्ट्रीजमध्ये स्फोट झाला. तीन कामगार गेले, बाराजण जखमी झाले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर एमआयडीसीलगतच्या बोईसरच्या नाक्यावर आणि डहाणू लोकलच्या डब्यात एकच प्रश्न निघतो: बंब किती वेळाने आला? प्रश्न रास्त आहे. पण तो जरा सोयीचाही आहे, कारण त्याचे उत्तर द्यायची जबाबदारी एकट्या अग्निशमन दलावर येते आणि बाकीचे सुटतात.

आधी दलाची बाजू. ८ मार्च २०१८ च्या रात्री इथल्याच नोव्हाफेन स्पेशालिटीजमध्ये स्फोट झाला, तिघे मृत्युमुखी पडले, आग शेजारच्या कारखान्यांत पसरली. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोळवड्याच्या हद्दीतील औषध कारखान्यात आठ जीव गेले. रिअॅक्टरमधली प्रक्रिया एकदा हाताबाहेर गेली की तापमान आणि दाब काही मिनिटांत एवढा चढतो, की झाकण उडण्याआधी फाटकावर बंब उभा असता तरी आतला माणूस वाचण्याची शक्यता थोडीच. दलाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. शेजारच्या प्लॉटमध्ये रांगेने रचलेले सॉल्व्हंटचे ड्रम थंड ठेवायचे आणि आग कुंपणापलीकडे जाऊ द्यायची नाही. टोल्युइनवर नुसते पाणी मारले तर ते पाण्यावर तरंगत गटारात उतरते आणि आगही त्याच्यासोबत वाहते. तिथे फोम लागतो. काही रसायने तर पाणी लागताच भडकतात किंवा विषारी वाफ सोडतात. म्हणून जवानाचा पहिला प्रश्न असतो, ‘आत काय आहे?’ रात्रपाळीला फाटकावर कोण असतो? ठेकेदाराचा महिन्याभरापूर्वी आलेला माणूस. त्याला ड्रमचा रंग माहीत असतो, आतला माल नाही. हा अडाणीपणा त्याचा नव्हे, त्याला कामाला लावणाऱ्यांचा आहे.

पण एवढ्यावर दलाला निर्दोष ठरवून मोकळे होता येत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगरोधक यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावा लागतो. तो दाखला फायलीला लावून ठेवायचा की त्याआधारे आत जाऊन हायड्रंट उघडून पाहायचा, हे दलाच्या हातात आहे. इमारतीभोवती बंब वळावा म्हणून सोडलेल्या मोकळ्या जागेत ड्रम आणि भंगार साठलेले दिसले, तर नोटीस काढण्याचा अधिकारही आहे. रिअॅक्टरची तपासणी औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, हे खरे. मात्र ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य तिन्ही कार्यालयांत सारख्याच सहजतेने उच्चारले जाते.

आणि वेळेबद्दल बोलायचेच तर आकडे समोर हवेत. वर्दी किती वाजता आली, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, फोम किती लागला, शेजारून किती बंब मागवले, या नोंदी ठाण्याच्या वहीत होतात. त्या दर महिन्याला लोकांसमोर ठेवल्या तर दलावरचे निम्मे आरोप आपोआप गळून पडतील, आणि उरलेले टिकतील. आज दलाची स्तुती आणि टीका दोन्ही ऐकीव आहेत.

बोईसरचा पेच वेगळाच आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे शहरी संस्थांचे काम म्हणून लिहिले आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत ते नाही. २०११ च्या जनगणनेत छत्तीस हजारांवर लोकसंख्या असलेले, टॉवर आणि चाळींनी भरलेले बोईसर कागदावर मात्र गाव. त्यामुळे गावात काही पेटले की भिस्त मुख्यतः एमआयडीसीच्या बंबावर, नाहीतर बारा-तेरा किलोमीटरवरच्या पालघर नगरपरिषदेवर. गाडी भंगाराच्या गोदामाकडे गेली की तेवढा वेळ रासायनिक प्लॉट उघडे पडतात. शुल्क आम्ही भरतो आणि बंब गावात फिरतो, ही उद्योजकांची कुरकुर पूर्ण चुकीची नाही. फक्त त्या चाळींत राहणारी माणसे त्यांच्याच प्लॉटमध्ये पाळी करतात, एवढे त्यांनी आठवावे.

मग सगळ्या जिल्ह्याचे एकच दल करावे का? एक नियंत्रण कक्ष, एकच हुकूम, मोखाडा-जव्हारसारख्या तालुक्यांनाही वाटा, असे फायदे दिसतात. धोका असा की रसायनांच्या आगीशी वर्षानुवर्षे झुंजून आलेली जाण बदल्यांच्या चक्रात विरून जाईल. मला वाटते, एमआयडीसीचे दल एमआयडीसीकडेच राहावे आणि बोईसरला स्वतंत्र ठाणे मिळावे. खर्च महामंडळ, जिल्हा परिषद आणि राज्य यांनी वाटून घ्यावा. नगरपरिषद होईपर्यंत थांबायचे म्हटले, तर घरपट्टीच्या भीतीने तो निर्णय किती रेंगाळेल कोण जाणे.

तरीही नवा बंब घेतल्याने फाटकावरचा ‘आत काय आहे?’ हा प्रश्न सुटत नाही. २१ ऑगस्ट २०२५ रोजी इथल्याच एका औषध कारखान्यात वायुगळतीने चौघांचा जीव गेला. ज्वाळा नव्हती, धूर नव्हता. तिथे पाण्याच्या टँकरपेक्षा पाठीवरचा श्वसनसंच आणि वायू मोजणारे यंत्र कामाचे, आणि आत कोणता वायू आहे हे दारातच कळणे त्याहून मोलाचे. घातक रसायनांचे १९८९ चे नियम मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी आपत्कालीन सराव करायला आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती द्यायला सांगतात. पण ठरावीक साठ्याच्या खाली असलेला छोटा कारखाना या कलमांतून निसटतो, आणि त्याच्या रिअॅक्टरला ती मर्यादा माहीत नसते.

म्हणून एक साधी मागणी: प्रत्येक प्लॉटच्या फाटकावर कुलूपबंद पेटीत त्या आठवड्याच्या साठ्याची यादी, आराखडा आणि पाणी चालेल की फोम याची नोंद असावी, किल्ली दलाकडे. कारखानदार गुपिताचा मुद्दा काढतील. औषधाचा फॉर्म्युला कोणी मागत नाही. ड्रममधले द्रव्य पाण्याने पेटते की नाही, एवढेच त्या कागदावर हवे, आणि तेही मराठी-हिंदीत, रात्रपाळीच्या माणसाला वाचून दाखवता येईल अशा अक्षरात.