हिशेबनिसाचा मुलगा आणि बदलती साधने

डेव्हिड हॉकनी यांचा जन्म १९३७ सालचा, इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या व्यापारी शहरातला. वडील हिशेबनीस, मुलगा चित्रकार झाला आणि कॅलिफोर्नियातील निळ्या जलतरण तलावांच्या चित्रांनी जगभर गाजला. पुढे आयुष्यभर तलावच रंगविले असते तरी भागले असते. चालणारा माल कोण बदलतो? हॉकनींनी बदलला, आणि तोही चक्क कचेरीतली यंत्रे हाताशी धरून.

१९८६ मध्ये त्यांनी झेरॉक्स यंत्रावर चित्रे छापली. एक रंग उमटला की तोच कागद पुन्हा यंत्रात घालायचा आणि त्यावर दुसरा रंग चढवायचा. नकलेसाठी घडविलेल्या यंत्रातून अशी अस्सल कृती निघू लागली. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसहून त्यांनी ब्रॅडफर्डजवळच्या सॉल्टेअर येथील जुन्या कापडगिरणीत एक चित्र फॅक्सने धाडले, तब्बल १४४ कागदांत! ते प्रेक्षकांसमोर जुळवून लावले गेले. ना वाहतूकखर्च, ना विमा. गिरणीचे मालक जोनाथन सिल्व्हर हे मूळचे कपड्यांचे व्यापारी. त्यांना यातली गंमत निराळी सांगावी लागली नसेल.

संगणकाशी मात्र सूर लवकर जुळला नाही. हात रेषा ओढून पुढे जाई आणि पडद्यावर ती मागाहून उमटे. वेग हाच ज्याच्या रेखाटनाचा प्राण, त्याला हे सोसवणारे नव्हते. नवे म्हणून काहीही स्वीकारणाऱ्यांपैकी हॉकनी नव्हेत. यंत्र हाताच्या वेगाला पोहोचेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

मग सत्तरी ओलांडल्यावर आयफोन आला. पहाटे दिवा न लावता, अंथरुणातूनच अंगठ्याने सूर्योदय रेखाटता येऊ लागला, कारण पडदाच उजळलेला. काढलेली फुले ते सकाळी मित्रांना पाठवीत. मित्राच्या फोनवरचे चित्र मूळ चित्राइतकेच मूळ; मग त्याचे मोल ते काय?

२०१० मध्ये आयपॅड हाती आला. २०११ च्या वसंतात यॉर्कशरमधील वोल्डगेट या एकाच रस्त्याची ५१ चित्रे त्यावर रेखाटली गेली. त्यांच्या जोडीला ३२ कॅनव्हास जुळवून केलेले एक प्रचंड तैलचित्रही होते. जुना कुंचला काही अडगळीत गेला नव्हता. आयपॅडवरची चित्रे मोठ्या कागदांवर, मोजक्याच प्रतींत छापली गेली. प्रत्येक प्रतीवर क्रमांक पडला आणि खाली सही, पेन्सिलीने.