जुनी कार घेताय? ओडोमीटरपेक्षा सीटबेल्ट जास्त बोलतो

दहा-बारा वर्षांची कार पॉलिश करून उभी केली की गिऱ्हाईक रंग पाहते, ओडोमीटर पाहते आणि टोकन देऊन मोकळे होते. नेमक्या याच दोन गोष्टी सहज बदलता येतात. डिजिटल ओडोमीटरचा आकडाही उपकरण जोडून कमी करता येतो. कार ४० हजार किलोमीटर दाखवत असेल आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर पार गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा. सर्व्हिसची जुनी बिले मागावीत. त्यांत तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात.

कागदपत्रांची सुरुवात 'एमपरिवहन' अॅपवरून करता येते. नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत कळते. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 'हप्ते कधीच फिटले' हे तोंडी उत्तर चालत नाही. थकीत ई-चलानही ऑनलाइन दिसते. चासी क्रमांक मात्र गाडीवर कोरलेलाच वाचून ताडावा.

चौदा वर्षांची कार स्वस्तात मिळते, त्याचेही कारण असते. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची. पुढे फेरनोंदणीचे शुल्क ५,००० रुपये, शिवाय तपासणी आणि पर्यावरण कर. हा खर्च किमतीतून वजा करूनच घासाघीस करावी.

कोल्हापूर, सांगलीत २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आला, चिपळूण २०२१ मध्ये बुडाले. पाण्यात राहिलेली कार धुऊन विकली जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज आणि स्टेपनीच्या खोबणीतला गाळही पाहावा.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. बॉनेट आधीच गरम लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतेय. ते काम खर्चिक असते.

'नाव नंतर करू' हा सौदा विकणाऱ्यालाही महाग पडतो. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या व्यवहाराच्या दिवशीच व्हाव्यात.