मर्यादा म्हणजे मालकी नव्हे

एकनिष्ठता ही खाजगी मालमत्तेची सावली आहे, मत्सर हा मालकाचा विकार आहे; सबब एकाच वेळी अनेकांशी प्रेमसंबंध ठेवण्यास समाजवाद्याने हरकत घेऊ नये, असे प्रतिपादन आपल्या काही तरुण सहकाऱ्यांकडून हल्ली ऐकू येते. पुष्ट्यर्थ एंगल्स आणि अलेक्झांड्रा कोलोन्ताय यांचा हवाला दिला जातो. संस्कृती बुडाली म्हणून टाहो फोडणाऱ्यांत मी सामील होणार नाही. ज्या समाजाने पुरुषाला अंगवस्त्र ठेवण्याची मुभा पिढ्यान्‌पिढ्या दिली, त्याच्या कैवाऱ्यांनी याबाबत मौन पाळावे हेच बरे. प्रौढ स्त्रीपुरुषांनी परस्परांना सांगून, परस्परांच्या संमतीने कसे राहावे, हा त्यांचा प्रश्न आहे. माझा आक्षेप आहे तो या युक्तिवादाला.

एंगल्सने १८८४ च्या ग्रंथात दाखवून दिले ते हे की, एकनिष्ठतेची सक्ती स्त्रीपुरतीच होती. मालमत्तेचे बंधन सुटल्यावर एकनिष्ठता लोपेल असे तो म्हणत नाही. उलट पुरुषांच्या बाबतीतही ती प्रथमच खरी ठरेल, असे त्याचे अनुमान होते. कोलोन्तायच्या माथी ‘पेलाभर पाण्या’चा सिद्धान्त मारला जातो, तोही अन्यायच. एका व्यक्तीचे दोघांवर प्रेम असू शकते, हे तिने १९२३ च्या लेखात निःसंकोच मान्य केले. पण त्याच लेखात तिने तीन अटी घातल्या: समता, दुसऱ्याच्या मनावर मालकी न सांगणे, आणि जोडीदाराचे मन ओळखण्याची सहृदयता. आमचे मित्र दुसरी अट तेवढी पाठ करतात. पहिली व तिसरी सोयीस्करपणे विसरतात.

या विस्मरणाची किंमत कोण मोजतो, हे सोव्हिएत रशियाने पाहिले आहे. १९१८ च्या कायद्याने घटस्फोट सुलभ केला. १९२६ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या सहजीवनालाही मान्यता दिली, आणि एका पक्षाने कळविले की विवाह संपुष्टात येऊ लागला. कागदावर स्वातंत्र्य दोघांना समान होते. परंतु त्या दशकात कामावरून प्रथम कमी झाल्या त्या स्त्रिया, आणि निधीअभावी पाळणाघरे बंद पडली. पुरुष एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात गेला. स्त्री मूल कडेवर घेऊन पोटगीसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिली. एका कामगाराच्या वेतनात दोन संसार चालत नाहीत, हे अंकगणित कोणत्याही क्रांतीने बदललेले नाही. कोलोन्तायने ते ओळखले होते. पोटगीऐवजी प्रत्येक प्रौढाकडून वर्षाला दोन रुबल घेऊन सार्वजनिक निधी उभारावा, अशी तिची सूचना होती. ती मान्य झाली नाही. पुढे १९३६ मध्ये घटस्फोट महाग झाला आणि १९२० पासून कायदेशीर असलेल्या गर्भपातावर बंदी आली. या माघारीला इतरही कारणे होती. पण ज्या स्वातंत्र्याचा खर्च समाजाने उचलला नव्हता, त्याच्या रक्षणार्थ उभे राहणारेही थोडेच उरले होते.

प्रेम अमर्याद असेलही. संध्याकाळ मात्र एकच असते. आजारी मुलाच्या उशाशी कोण बसणार आणि घरभाडे कोण भरणार, याविषयीचे वचन म्हणजे बांधिलकी. मोह होणे हे पाप नव्हे. मोह झाल्यानंतर ठरलेली मर्यादा एकट्याने पुसावी आणि त्याला तत्त्वाचे नाव द्यावे, ही मात्र शुद्ध मालकीच होय, कारण दोघांनी केलेला करार एकट्याने बदलण्याचा हक्क मालकच सांगतो. मर्यादा दोघांनी आखावी, उघडपणे आखावी, आणि बदलायची तर दोघांनीच बदलावी. जिला घर सोडून जाण्याची सोय नाही, तिचा होकार हा होकार नव्हे.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. स्त्रीच्या स्वातंत्र्याबरोबर त्याचे साधनही तिच्या हाती दिले पाहिजे, हे त्यांना कळले होते. आमच्या मित्रांनी तोच क्रम पाळावा. स्त्रीला स्वतःची मिळकत, स्वतःच्या नावावरचे छप्पर आणि वस्तीत पाळणाघर मिळावे म्हणून आधी लढावे. मग अनेक प्रेमांची चर्चा खुशाल करावी. तोवर ती चर्चा म्हणजे पुरुषाच्या जुन्याच सवलतीला चढविलेला लाल रंग होय.