पहिल्या थंडीची रात्र आणि गावची नोंदवही

आश्विन सरत आला, की महाराष्ट्राच्या पठारावरील हवेचे रूप पालटते. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे माघार घेतात, आभाळ निरभ्र होते आणि काही दिवस उन्हाचा ताव असह्य वाटतो. पुढे कोजागिरीच्या सुमारास पहाटे गवतावर दव दिसू लागते. कार्तिकात उत्तरेकडील कोरडे वारे सुरू होतात, दिवस लहान होतात आणि रात्रीचा गारवा वाढत जातो. हा क्रम दरवर्षीचा आहे. तो सर्वांच्या परिचयाचा असूनही थंडीची पहिली कडक रात्र बहुतेक गावांना बेसावध अवस्थेत गाठते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

थंडी ही शेतीची शत्रू नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या बागायती गव्हाला भरपूर फुटवे यावयाचे, तर थंडीच हवी. हरभऱ्यालाही ती मानवते. ज्या वर्षी थंडी कमी पडते, त्या वर्षी गव्हाचे पीक लवकर निसवते व उतारा घटतो. परंतु त्याच गावात, त्याच रात्री, टोमॅटो, वांगी, मिरची, पपई व केळी यांना तीच थंडी मारक ठरते. गव्हाचा शेतकरी सकाळी समाधानाने शेतावर जातो आणि शेजारच्या वाफ्यात भाजीवाल्याची रोपे उकडल्यासारखी काळवंडून पडलेली असतात. हानी विशेषतः लहान शेतकऱ्याची होते. कारण त्याचे सर्व भांडवल बहुधा त्या अर्ध्या एकर भाजीतच गुंतलेले असते.

ही रात्र अकस्मात येते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ती आदल्या सायंकाळीच आपली खूण दाखविते. दिवसा जमिनीने साठविलेली उष्णता रात्री आकाशाकडे निघून जाते. आकाशात ढग असले, तर त्यांतील बरीच उष्णता खाली परत येते. आकाश मोकळे असले, तर ती थांबत नाही. वारा वाहत असला, म्हणजे वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळते. वारा पडला, की गार हवा जमिनीलगत साचते. हवेत बाष्प असले, तर दव लवकर पडू लागते आणि दव बनताना बाहेर पडणारी उष्णता तापमानाची घसरण काहीशी रोखते. हवा कोरडी असेल, तर हा आधारही राहत नाही. म्हणून पश्चिमी झंझावात उत्तर भारतावरून पुढे सरकून गेल्यानंतर, उत्तरेचा कोरडा वारा दोन दिवस वाहून सायंकाळी एकाएकी पडला, आभाळ स्वच्छ राहिले आणि रात्री दव उशिरापर्यंत दिसले नाही, तर ती रात्र धोक्याची समजावी. ही लक्षणे पाहण्यास कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावयाची, ती जमिनीच्या चढउताराची. गार हवा जड असते व ती पाण्यासारखी उताराने वाहत जाते. नाल्याकाठची शेते, बांधांनी वेढलेले सखल तुकडे, टेकडीच्या पायथ्याचे खोलगट वाफे येथे ती तुंबते. महाबळेश्वरचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. गावठाणात थंडी बेताची असताना वेण्णा तलावाच्या परिसरात व लिंगमळ्याच्या बाजूस गवतावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठून पांढरा थर बसल्याचे अनेक हिवाळ्यांत दिसले आहे. नाशिक जिल्ह्यातही शहरातील तापमानापेक्षा निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील तापमान पुष्कळदा बरेच खाली असते. एका जिल्ह्यात जर इतका फरक पडतो, तर एका शिवारातील माळ आणि ओढ्याकाठ यांत तो पडणारच.

तिसरी गोष्ट मोजणीच्या उंचीची. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या लाकडी पिंजऱ्यात ठेवलेला असतो. निरनिराळ्या ठिकाणांची तुलना करता यावी म्हणून हा नियम आवश्यक आहे. परंतु वांग्याचे रोप पिंजऱ्यात वाढत नाही. निरभ्र व निवांत रात्री जमिनीलगतची हवा त्या उंचीवरील हवेपेक्षा काही अंशांनी थंड असते. त्यामुळे वेधशाळेचा आकडा तीन-चार अंश दाखवीत असतानाही पानावरचे दव गोठू शकते. या विषयातील एक महत्त्वाचा शोध भारतातच लागला आहे. पुणे येथे कृषि-हवामानशास्त्राचा विभाग १९३२ साली सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनी आत्मनाथन या सहकाऱ्यासमवेत त्याच वर्षी असे दाखवून दिले, की शांत रात्री उघड्या जमिनीवरील सर्वांत थंड हवा मातीला चिकटून नसते. ती मातीपासून वीत-दीड वीत उंचीवर असते. भाजीपाल्याच्या कोवळ्या शेंड्यांची उंची नेमकी तीच आहे, हे लक्षात घेतले, म्हणजे दूरच्या आकड्यावर विसंबून राहणे किती अपुरे आहे ते कळून येईल.

आता उपायांचा विचार करू गेल्यास, गावोगाव एकच उपाय प्रथम सांगितला जातो, तो धुराचा. मध्यरात्रीनंतर बांधावर पालापाचोळा ओला करून पेटवावयाचा व शिवार धुराने भरून टाकावयाचे. या प्रथेविषयी स्पष्टपणे बोलण्याची वेळ आली आहे. जमिनीतून निघणारी उष्णता धूर फारशी अडवू शकत नाही. ढगाचे काम धूर करीत नाही. शेकोटीचा जो काही उपयोग होतो, तो जाळाच्या उबेचा होय. तो साधावयाचा असेल, तर एका मोठ्या आगीऐवजी शेतात ठिकठिकाणी लहान लहान शेकोट्या हव्यात. कारण मोठ्या आगीची ऊब सरळ वर निघून जाते. शिवाय ओला पाचोळा जाळून जो धूर होतो, त्यात जमिनीला मिळावयाचे सेंद्रिय खत वाया जाते व वस्तीतील वृद्धांना आणि लहान मुलांना त्रास होतो तो निराळाच. द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवितात, ती त्यांची निकड आहे. परंतु धूर केला, म्हणजे कर्तव्य संपले, ही समजूत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाढू देऊ नये.

खरे संरक्षण पाण्याचे आहे, आणि तेही वेळेवर दिलेल्या पाण्याचे. ओलसर माती दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती खालून वर चांगल्या रीतीने पोहोचविते. कोरडी, भुसभुशीत माती हे काम करू शकत नाही. म्हणून धोक्याची लक्षणे दिसताच आदल्या दिवशी किंवा सायंकाळपर्यंत हलके पाणी द्यावे. हिवाळ्यात विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, हाही लाभ आहे. ठिबक संचाने भिजणारी जागा थोडी असते, त्यामुळे अशा दिवशी संच नेहमीपेक्षा अधिक वेळ चालवावा. तुषार सिंचन पहाटे सुरू केल्यास सूर्य वर येऊन पानांवरील बर्फ वितळेपर्यंत ते बंद करू नये. मध्येच थांबविलेले तुषार पाण्याच्या बाष्पीभवनामुळे पिकाला अधिकच गारठवितात. वीज रात्री कोणत्या पाळीत मिळणार, हे आधी माहीत नसेल, तर हा उपाय हाती घेऊ नये.

रोपवाटिका व लहान वाफे रात्री गोणपाटाने किंवा गवताच्या ताट्यांनी झाकावेत आणि सकाळी उघडावेत. जमिनीवर पसरलेले वाळलेले गवताचे आच्छादन उन्हाळ्यात उपकारक असले, तरी थंडीच्या रात्री ते मातीची ऊब खालीच कोंडून ठेवते, हे ध्यानात असू द्यावे. जळगाव भागात केळीबागेभोवती शेवरीचे कुंपण करण्याची रीत आहे, ती गार वाऱ्याविरुद्ध उपयुक्त आहे; कोवळ्या कांदेबागेला तर तिची विशेष गरज असते. मात्र उताराच्या खालच्या अंगाला दाट कुंपण असेल, तर वरून येणारी गार हवा तेथेच तुंबते, म्हणून त्या बाजूस वाट मोकळी ठेवावी. थंडीने करपलेले पीक दुसऱ्याच दिवशी उपटू किंवा छाटू नये. आठ-दहा दिवस वाट पाहिल्यास कोणते झाड फुटते व कोणते मेले, याचा उलगडा होतो.

हे सर्व उपाय बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असतात. उणीव भासते ती एका माहितीची : आपल्या शिवारात, आपल्या शेतात, थंडी किती पडते? याचे उत्तर आजमितीस फार थोड्या गावांपाशी आहे. म्हणून प्रत्येक गावाने कोजागिरीपासून महाशिवरात्रीपर्यंत तापमानाची स्वतःची नोंदवही ठेवावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. त्यासाठी रात्रीचे सर्वांत कमी तापमान धरून ठेवणारे दोन तापमापक पुरेत. एक शाळेच्या आवारात, सावलीत व हवेशीर लाकडी पेटीत, चार फूट उंचीवर. दुसरा शिवारातील सर्वांत सखल शेतात, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर. सूर्योदयाला दोन्ही आकडे वाचावेत आणि तारखेपुढे लिहावेत. त्याच ओळीत आभाळ कसे होते, वारा होता की नव्हता, दव पडले की नाही आणि कोणत्या पिकाला इजा झाली, हेही नमूद करावे. वरच्या वर्गातील मुले हे काम आनंदाने करतील व त्यांना विज्ञानाचा एक जिवंत पाठ मिळेल. खर्च एखाद्या औषधफवारणीइतकाही येणार नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत, हवामान खात्याचे अंदाज मोबाईलवर येतात. मग या जुन्या पद्धतीच्या वहीची गरज काय? गरज आहे, आणि ती त्या केंद्रांमुळेच अधिक आहे. मंडळात अनेक गावे असतात व केंद्र एका जागी असते. त्या केंद्राचा आकडा आणि आपल्या सखल शेताचा आकडा यांत नेहमी किती अंतर पडते, हे तीन हिवाळ्यांच्या नोंदींवरून कळेल. समजा, ते अंतर चार अंशांचे निघाले, तर मंडळासाठी आलेला सात अंशांचा अंदाज हा आपल्या वांग्यासाठी तीन अंशांचा आहे, हे शेतकऱ्याला आदल्या दिवशीच उमजेल. अंदाज वरून येतो. त्याचा आपल्या शेतापुरता अर्थ लावण्याचे काम गावालाच करावे लागते.

या वहीला दुसरेही एक महत्त्व आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाईचा निर्णय नेमून दिलेल्या केंद्रावरील नोंदीवरून होतो. केंद्र माळावर व बाग ओढ्याकाठी असेल, तर बागेचे नुकसान होऊनही केंद्राचा आकडा ठरलेल्या मर्यादेपर्यंत उतरत नाही आणि शेतकरी रिकाम्या हाताने परततो. गावच्या वहीने भरपाई लगेच मिळेल, असे नाही. परंतु केंद्राची जागा योग्य नाही, असे सांगावयाचे असेल, तर वर्षानुवर्षांच्या तारीखवार आकड्यांइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. तक्रारीचे शब्द विसरले जातात, नोंद टिकते.

आता हिवाळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, अशी समजूत सर्वत्र ऐकू येते व तीत तथ्यही आहे. रात्रीचे सरासरी तापमान देशभर वाढत चालले आहे. परंतु सरासरी वाढली, म्हणून कडक रात्र नाहीशी झाली असे होत नाही. उलट लांबलेल्या उबदार शरदात पीक कोवळे राहते आणि तयारी नसलेल्या त्या कोवळ्या पिकावर एखादीच रात्र घाला घालते. पुण्याच्या वेधशाळेने १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले होते. पठारावर थंडी कोठवर उतरू शकते, हे आज आपल्याला सांगता येते, कारण त्या पहाटे कोणीतरी तापमापक वाचून आकडा लिहून ठेवला होता.

तेव्हा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिवाळीपूर्वीच्या गावसभेत तीन कामे मार्गी लावावीत : शिवारातील सखल शेते कोणती, ती शेतकऱ्यांच्या संमतीने नकाशावर रंगवून घ्यावीत, तापमापकांची जागा व वाचणाऱ्यांची नावे ठरवावीत, आणि धोक्याच्या सायंकाळी कोणी कोणाला निरोप द्यावयाचा व विहिरींचे पाणी कोणत्या क्रमाने फिरवावयाचे, हे ठरवून टाकावे. पुढील हंगामात सखल तुकड्यात गहू-हरभरा व उंचवट्यावर भाजी, अशी अदलाबदल करणे कोणाला शक्य आहे, याचीही चर्चा तेथेच व्हावी. थंडी रोखणे माणसाच्या हाती नाही. परंतु ती आपल्या बांधावर कोणत्या रात्री व किती येते, हे जाणून घेणे पूर्णपणे गावाच्या हाती आहे, आणि ते काम या कोजागिरीपासून सुरू होऊ शकते.