उजवी लेन कुणाच्या बापाची नाही

मंडळी, पहाटे कारंजा धरणावरचा रोहू-कटला बर्फात भरून आपली पिकअप हुमनाबादला ६५ नंबरच्या हायवेला लागते, हैदराबादच्या दिशेने. पुढे काय दिसतं? उजव्या लेनमधून चाळीसच्या स्पीडने निवांत चाललेला ट्रक. हॉर्न द्या, लाईट मारा, हलत नाही. शेवटी आपला ड्रायव्हर डावीकडून घुसतो, आणि तिथंच अंधारात उसाची ट्रॉली उभी, मागे रिफ्लेक्टर नाही. पेटीत बर्फाचं पाणी होतंय आणि इकडे जीव टांगणीला.

नियम साधा आहे, २०१७ च्या केंद्राच्या वाहनचालन नियमांतही आहे: डावीकडून चला, ओव्हरटेक उजवीकडून करा.

पण दुसऱ्याला शिव्या देताना आपलंही बघू. कट लांब पडतो म्हणून आपल्याच गाड्या राँग साईडने येतात की नाही? धरणात दुसऱ्याच्या जाळ्यावरून आपण होडी नेत नाही, वळसा घालतो. रस्त्यावरही तेवढंच करायचं. मासळी उशिरा पोचली तर भाव थोडा पडेल. घरचा माणूस पोचलाच नाही तर?

गाडीमालकांनो, आजच ड्रायव्हरला सांगा: उशीर झाला तरी आम्ही ओरडणार नाही.