हुमणी थायमेटनं नाही, एकीनं हटेल

सभासद बंधू-भगिनींनो,

वळवाचा पहिला पाऊस झाला की दिवस मावळताना कडुलिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात. तेव्हा आपण तिकडं बघत नाही. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडतो, हिसका दिला की बेट मुळासकट हातात येतं. मग गट ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "साहेब, थायमेट कुठं मिळंल?"

याचा दोष आम्ही सभासदांना देणार नाही. थायमेट, म्हणजे दाणेदार फोरेट, सरीत टाका असं वर्षानुवर्षं आम्हीच सांगत आलो. उघड्या हातांनी ते टाकणाऱ्या बायामाणसांना पाहून गप्प बसलो, ही आमची चूक.

फोरेट हे ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं जहाल विष. किड्याच्या मज्जातंतूंवर ते जो घाव घालतं, तोच माणसाच्याही, आणि कातडीतूनही अंगात भिनतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्याचा वापर बंद आहे. कुणाच्या वस्तीवर जुनी पिशवी पडून असेल तर ती वापरू नका, विहिरीत-पाटात टाकू नका, जाळू नका. कृषी खात्याला कळवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, हे विसरून चालणार नाही.

या गटातली दुसरी औषधं आजही दुकानात आहेत. ती हाताळल्यावर घाम, लाळ, उलटी, डोळ्यांपुढं अंधारी, धाप असं काही झालं तर कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा घेऊन तडक दवाखाना गाठा. घरगुती उपायात वेळ घालवू नका.

"मग ऊस जाऊ द्यायचा का?" असं सभासद विचारतील. नाही. पण ऊस वाळेपर्यंत अळी मोठी झालेली असते, तेव्हा टाकलेलं औषध बहुतेक वाया जातं. खरा बंदोबस्त भुंगेऱ्याचाच. मादीनं जमिनीत अंडी घालण्याआधी, पहिल्या पावसानंतर रोज संध्याकाळी सात ते नऊ झाडं हलवून भुंगेरे गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. प्रकाश सापळे लावावेत. मेटारायझिम बुरशी हेक्टरी २० किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलीवर द्यावी.

मात्र हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. भुंगेऱ्याला बांध कळत नाही. तुम्ही वेचले आणि शेजाऱ्यानं सोडले तर मेहनत पाण्यात. प्रवरा-मुळेच्या काठी आपल्या बापजाद्यांनी भागभांडवल गोळा करून कारखाने उभे केले. आपल्याला गावानं मिळून चार संध्याकाळी झाडं हलवता येऊ नयेत?

संचालक मंडळाकडं आमचं मागणं एवढंच : मेटारायझिम आणि सापळे मे महिन्याआधी गटवार उधारीवर द्यावेत, वसुली ऊस बिलातून करावी. सभासदांनीही त्याचा आग्रह धरावा.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी